बाकावरच्या बाई

पहिल्या भेटीत मी बाईंना पेशंट समजून तपासायलाच निघालो होतो.

"एकोणचाळीस नंबर!" असा कंपाउंडरने पुकारा केला आणि पन्नाशीच्या एक बाई आत आल्या. सुती पातळ, नाकावर घसरलेला चष्मा, काखेत छत्री आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, शाळेतली पोरं पी.टी.ला घालतात तसले. केसपेपर टेबलावर ठेवून समोरच्या स्टुलावर बसल्या. मी नेहमीप्रमाणे खालमानेनं लिहीत विचारलं, "खोकला किती दिवस?"

"खोकला नाही मला."

"ताप?"

"तोही नाही."

"मग आलात कशाला?"

"तीन तास बाहेर बाकावर बसले होते. एवढं बसल्यावर आत काय मिळतं ते बघायला आले. डॉक्टर, तुम्ही अजून माझ्याकडे पाहिलेलं नाही."

पाहिलं. आणि एकदम आठवलं. पुण्याच्या एका संस्थेकडून आमच्याकडे एक मानववंशशास्त्राच्या बाई येणार, त्यांना सर्व सहकार्य करावे, असं पत्र आठवडाभर माझ्या टेबलावर पडलं होतं. मी धडपडत उभा राहिलो ते खुर्ची पाडूनच. बाईंनी ती उचलून नीट लावली आणि म्हणाल्या, "बसा. बाहेर अजून बरेच जण आहेत."

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाची. नाशकात गोदावरीच्या काठाजवळ एका ट्रस्टचा छातीच्या रोगांचा दवाखाना होता, आता नाही. मी तिथं सव्वीस वर्षांचा ज्युनियर डॉक्टर. आमच्या वर एक मोठे डॉक्टर होते, फार हुशार आणि फार रागीट. क्षयरोगाचं औषध तेव्हा दीड वर्ष घ्यावं लागे. आधी दोन महिने रोज सुई आणि गोळ्या, मग नुसत्या गोळ्या, दर महिन्याला येऊन न्यायच्या. लोक तीन-चार महिने इमानेइतबारे येत आणि मग एकाएकी गायब होत. का होतात हे आम्हाला कळेना, म्हणून ट्रस्टींपैकी कुणीतरी ही टूम काढली की रोग डॉक्टरांनी बघावा आणि माणूस या बाईंनी बघावा. मोठ्या डॉक्टरांनी पत्र वाचून माझ्याकडे सरकवलं होतं. "माणसं बघायला माणूस ठेवलाय. आता आपण काय इतकी वर्षं म्हशी बघत होतो?"

माझा स्वभाव मुळात काळजीखोर. खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघणार, लिहिलेली चिठ्ठी पुन्हा मागवून डोस तपासणार. अशा माणसाच्या नशिबी बाई याव्यात! त्यांना एक खोली दिली होती, टेबल-खुर्ची-पंखा सगळं. त्या खोलीत त्या छत्री ठेवत, बस्स. दिवसभर त्यांचा मुक्काम बाहेरच्या बाकावर, पेशंटांच्या मधोमध. दोन्ही बाजूंना खोकणारी माणसं, थुंकीत जंतू असलेली, आणि बाई मधे बसून शेंगा फोडतायत. पिशवीत भाजलेल्या शेंगा असायच्या. शेजारच्या बाईच्या ओच्यात मूठभर टाकायच्या आणि दोघी मिळून फोडत बसायच्या. "हाताला काम असलं की माणूस आपणहून बोलतो," म्हणायच्या. टरफलं मात्र स्वतः गोळा करून कचऱ्याच्या पेटीत टाकत.

मी रडकुंडीला येऊन सांगायचो, "बाई, निदान तोंडाला रुमाल तरी बांधा हो."

"मी तोंड बांधलं तर ते उघडतील का?"

 मी आपला दर तीन महिन्यांनी त्यांच्या मागे लागून छातीचा फोटो काढून घ्यायचो आणि फिल्म ओली असतानाच उजेडाला धरून बघायचो. एकदा म्हटलं, जरा हाताला सुई टोचून चाचणी करूया. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "आलेच," म्हणून ज्या गेल्या त्या थेट पंचवटीतल्या आपल्या खोलीवर. दोन वर्षं लोक सुईला का घाबरतात याच्या नोंदी करणारी ही बाई स्वतः सुई बघितली की पळायची! नर्सेसना कितीतरी दिवस हा विषय पुरला.

प्रश्न विचारायला त्यांचा विरोध. मी फॉर्म बनवून दिला होता, चाळीस प्रश्नांचा, सुबक टाइप केलेला. त्यांनी तो वाचला आणि परत दिला. "प्रश्न विचारला की माणूस उत्तर देतो, डॉक्टर. मला त्याचं उत्तर नकोय, त्याची गोष्ट पाहिजे."

आमच्या रजिस्टरात औषध सोडणाऱ्याच्या नावापुढे लाल शाईने 'डिफॉल्टर' लिहायची पद्धत होती. बाई गुपचूप येऊन त्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात कारण लिहून जायच्या. 'कांद्याची लागण चालू.' 'बहिणीचं लग्न.' 'बरं वाटलं म्हणून थांबवलं.' एका म्हाताऱ्यापुढे लिहिलं होतं, 'गोळीने भूक लागते.' मी हसलो. म्हटलं, "अहो, भूक लागणं म्हणजे तर औषध लागू पडतंय! ही चांगली खूण आहे." बाई हसल्या नाहीत. "घरात माणशी एक भाकरी थापतात. याला दोन लागायला लागल्या. दुसरी कुणाच्या ताटातली घ्यायची? म्हणून त्याने गोळीच सोडली." माझं हसू जागच्या जागी गेलं. पाच वर्षं मेडिकल कॉलेजात घासून मला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्या महिन्यापासून तो म्हातारा औषधाबरोबर ट्रस्टकडून ज्वारीही न्यायला लागला आणि शेवटपर्यंत येत राहिला. मोठे डॉक्टर गुरगुरले, पण ज्वारीच्या चिठ्ठीवर सही त्यांचीच होती.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. बातमी कळली तेव्हा मी एका खाजगी इस्पितळात होतो, राउंड तसाच अर्धवट टाकून बाहेर आलो आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिलो. लोकांना वाटलं डॉक्टरांना चक्कर आली. त्यांच्याबद्दल हसतखेळत सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण खरं सांगू का, मला त्यांची आठवण झाली की आधी एका पोस्टकार्डाची आठवण होते. आजही.

आमच्याकडे छापील पोस्टकार्डं होती. पेशंट तारखेला आला नाही की आठ दिवसांनी त्याच्या पत्त्यावर कार्ड टाकायचं. 'आपण क्षयरोगाची औषधे नेण्यास आला नाहीत. औषध मधेच बंद केल्यास आपल्या व घरातील माणसांच्या जिवास धोका आहे. ताबडतोब यावे.' खाली माझी सही. दर सोमवारी गठ्ठा यायचा आणि मी चहा पिता पिता सह्या ठोकायचो. यातली निम्मी कार्डं परत येत, 'या नावाचे कोणी राहत नाही' असा शेरा घेऊन. मी पोस्टमनांना शिव्या घालायचो.

बाईंनी एका मीटिंगमध्ये सांगितलं, "पोस्टमनचा दोष नाही. लोक पत्ता खोटा सांगतात. हे कार्ड उघडं असतं. गावात ते पोस्टमन वाचतो, दुकानदार वाचतो, मग पार वाचतो आणि सगळ्यात शेवटी ज्याचं त्याला मिळतं. कार्डं बंद करा, नाहीतर पाकिटात घाला."

"म्हणजे पेशंट पळून गेला तरी आम्ही गप्प बसायचं?" मोठे डॉक्टर कडाडले. "रोग लपवायचा? घरातल्या इतरांना होऊ द्यायचा?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पेनाकडे पाहिलं. नोकरी नवी होती हो, दुसरं काय सांगू. शिवाय मला मोठ्या डॉक्टरांचंच पटत होतं. मी वेगळाच उपाय काढला. पेशंटला समोर बसवून गोड बोलून खरा पत्ता काढून घ्यायचा. त्यात माझा हातखंडा झाला, आणि मला त्याचा अभिमानही होता.

सुमनचा पत्ता मीच असा काढला होता.

सुमन पंचवटीतल्या भाजीबाजारात बसणाऱ्या एका बाईची मुलगी. विशीची असेल नसेल. सातवी शिकलेली, वर्षापूर्वी सिन्नरच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. खोकला झाला, बारीक ताप यायला लागला, तेव्हा दिवाळीच्या आधी माहेरी आली असताना आईने तिला आमच्याकडे आणली. थुंकीत जंतू निघाले. सुया घेण्यासाठी 'आईला बरं नाही' या नावाखाली दोन महिने माहेरीच राहिली, मग गोळ्या घेऊन सासरी गेली. सासरी यातलं कुणालाच माहीत नव्हतं. पत्ता विचारला तर मान खाली घालून बसली. मी म्हटलं, "ताई, पत्ता खरा सांगा. मी डॉक्टर आहे, तुमचं गुपित माझ्यापाशी राहील." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि सांगितला. पोस्ट, तालुका सगळं.

पुढच्या महिन्याच्या तारखेला ती आली नाही. सोमवारी मी सह्या केल्या. नावं न वाचता.

मंगळवारी तिची आई दवाखान्यात आली. बाजारातून तशीच उठून आलेली, हातांना मेथीची माती. बाईंच्या शेजारी बाकावर बसली, दोघींचं काही बोलणं झालं आणि बाई तिला घेऊन माझ्या खोलीत आल्या.

"डागदर, पोरीच्या गोळ्या द्या माझ्यापाशी," ती म्हणाली. "कांदे लावू राह्यलेत, सासू म्हायारी धाडंना. आयतवारी मी जाती तिकडं, देऊन येती. आठ दिस झाले, गोळ्या सरल्यात तिच्या."

"पेशंटला स्वतः यावं लागतं, मावशी. आणि तिला कालच कार्ड टाकलंय."

"कंचं कार्ड?"

मी सांगितलं. ती बाई मटकन खालीच बसली. "सासरच्या पत्त्यावर? आवो डागदर, तिच्या सासूला ठाऊक नाय! घरात ठिवनार नाय ती तिला. थोरल्या जावंचं पोरगं हाय दीड वर्साचं, सदा हिच्याच कडंवर. लय कालवा व्हईल. माझी पोर गोळ्या हळदीच्या डब्यात लपवून खाती आन् तुमी छापून धाडलं?"

माझ्या कानांत एकच गोष्ट शिरली. दीड वर्षाचं मूल. कडेवर. मी विचारलं, "ते मूल खोकतं का?"

"मला काय ठाऊक!" ती ओरडली. "माझ्या लेकीचं बघा आदी!"

बाईंनी तिला पाणी दिलं. मग माझ्याकडे वळून इतकंच म्हणाल्या, "त्या गावात टपाल कधी वाटतात?"

कुणाला माहीत! आम्ही कार्डं टाकायचो, ती कुठल्या वाटेने जातात याची चौकशी आम्ही कधी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही दोघं निघालो. थंडी मी म्हणत होती. मोठ्या डॉक्टरांना पोटदुखीची चिठ्ठी पाठवली होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. बाई स्टँडवर माझ्या आधी तासभर येऊन बसल्या होत्या. सिन्नरला गाडी बदलली. मी दर फाट्याला घड्याळ बघत होतो, आणि घड्याळ न बघताना भांडत होतो.

"बाई, घरच्यांना सांगायलाच हवं. लहान मूल आहे. क्षय या वयात थेट मेंदूत शिरतो, आठ दिवसांत खेळ खलास होतो."

"सांगा ना. मग सुमन संध्याकाळी घराबाहेर. तिच्या गोळ्या बंद. आणि त्या मुलाला तुमच्याकडे आणणार कोण? ते तर बदनामीच्या भीतीने दार लावून बसतील."

"म्हणून लपवायचं?"

"लपवायचं नाही. थांबायचं. आधी कार्ड ताब्यात घेऊ. लहान मुलांच्या लशीचं निमित्त सांगून मुलाला नाशकात आणू, तुम्ही तपासा. सुमनचं मग सावकाशीनं बघू."

"आणि मूल आजारी निघालं तर रोग कुठून आला म्हणून सांगू?"

"ते बघू तेव्हा."

"तुमचं सगळं 'बघू तेव्हा'!"

"आणि तुमचं सगळं 'ताबडतोब यावे'!"

मागच्या सीटवरचा म्हातारा पुढे वाकून म्हणाला, "नवरा-बायकूनं गाडीत भांडू नये." बाई माझ्या आईच्या वयाच्या. एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी दोघांनीही नुसतं खिडकीबाहेर पाहिलं.

गावात उतरलो. पोस्ट म्हणजे किराणा दुकानातलाच एक कोपरा. दुकानदार म्हणाला, "पोस्टमन व्हय? ते आत्ताच मळ्याकडं गेलं की सायकलीवर." आम्ही पळत सुटलो. खरंच पळत. बांधावरून, पाण्याच्या पाटावरून, कांद्याच्या वाफ्यांच्या कडेने. बाई कॅनव्हासच्या बुटांत माझ्यापुढे, पदर खोचून, आणि मी मागे धापा टाकत. वाफ्यांत बसलेल्या बायका लावणी थांबवून बघायला लागल्या. सुमनच्या सासरचं घर दिसलं तेव्हा अंगणातून पोस्टमन सायकलीवर टांग टाकत होता आणि ओट्यावर एक म्हातारी कार्ड उलटंसुलटं करत त्याला हाका मारत होती.

"आरं, वाचून तर दाव!"

"पुढं तीन वस्त्या हायेत, आजी. ते बघा पाव्हणे आले, शिकलेले दिसत्यात. वाचतील ते." आणि तो गेलाही.

म्हातारीने आम्हाला नीट बघितलंही नाही. कुठून आलात, कोण, काही नाही. कार्ड पुढे केलं. "वाचता येतंय ना, बाई? गडी सगळे रानात गेलेत. काय लिव्हलंय तेवढं सांगा. माझा जीव घाबरा झालाय, कार्ड आलं की कुनीतरी गेलंच म्हून समजायचं."

बाईंनी कार्ड हातात घेतलं. मी त्यांच्या अगदी शेजारी उभा होतो, मला माझी सही दिसत होती. एवढी मोठी, वळणदार.

या बाई म्हणजे कशा, तर वहीत माणसाच्या तोंडचा शब्दही बदलायच्या नाहीत. कुणी 'दम' म्हटलं तर 'दम'च लिहायच्या, मी 'दमा' सुचवला तर रागवायच्या. न म्हटलेलं लिहिणं म्हणजे चोरी, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चष्मा वर सरकवला, कार्ड लांब धरलं आणि वाचायला लागल्या. "घरातल्या लहान मुलांना तपासणीसाठी दवाखान्यात आणावं. लस टोचायची आहे. पैसे पडणार नाहीत." छापलेलं असावं तसं, सपाट आवाजात. 

"आसं व्हय!" म्हातारीचा जीव भांड्यात पडला. मग भुवया चढल्या. "पर नाव कुनाचं हाय वर?"

"...सुमनचं."

"पोर तर थोरलीचं. मंग हिच्या नावानं कसं आलं?"

"घरात जी शिकलेली असते तिच्या नावानं येतं," बाई म्हणाल्या. इतक्या झटकन, की मी चकित झालो. म्हातारीला ते पटलंही. मान डोलावली. सुटलो, मला वाटलं. इतकं हायसं वाटलं की काय सांगू! गाडीत खऱ्याच्या बाजूने तावातावाने भांडणारा मी, त्या क्षणी बाईंच्या पाया पडलो असतो.

तेवढ्यात दारात सुमन आली. कडेवर मूल. तिने आम्हाला ओळखलं, बाईंच्या हातातलं कार्ड पाहिलं. मूल खोकलं. बारीक, कोरडं, थकलेलं खोकणं. मानेला उजव्या बाजूला गाठ होती, मला अंगणातून दिसली.

सुमनने बाईंच्या हातातून कार्ड घेतलं.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "तसं नाय लिव्हलेलं."

आणि तिने ते वाचलं. एकेक शब्द, शाळेत धडा वाचतात तसं. क्षयरोग. धोका. घरातील माणसे. ताबडतोब. खाली माझं नावसुद्धा वाचलं. मग म्हणाली, "मला झालाय. दिवाळीच्या आदीपासून. तुमच्यापास्नं लपवलं, माझं चुकलं. पर ह्यो पंधरा दिस खोकू राह्यला, रोज संध्याकाळी अंग तापतंय. तुमी म्हनता दात येऊ राह्यले. दात नाय, आत्याबाई. माझ्यामुळं झालं आसंल. ह्याला घेऊन जा यांच्यासंगं, आजच्या आज."

म्हातारी उठली.  सुमनच्या कडेवरून मूल ओढून घेतलं आणि चार पावलं मागे सरकली. मूल सुमनकडे हात करून रडायला लागलं. आतून जाऊ धावत आली. मी पुढे होऊन सांगायला लागलो की औषधानं बरा होतो, मूलही बरं होईल, सुमनही होईल. बाई मात्र ओट्याच्या कडेला धरून नुसत्या उभ्या होत्या.

दुपारच्या गाडीने जाऊ मुलाला घेऊन आमच्याबरोबर नाशकात आली. त्याच्या छातीत आणि मानेत क्षयाच्या गाठी निघाल्या. वेळेत निघाल्या. महिन्याभराचा उशीर झाला असता तर मी गाडीत म्हटलं होतं तेच झालं असतं. मोठ्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि पहिल्यांदाच माझी पाठ थोपटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी सुमनच्या नवऱ्याने तिला एका बोचक्यासकट सिन्नरला आणून नाशिकच्या गाडीत बसवलं. ती आईकडे आली. सकाळी भाजीबाजारात बसायची, आणि पुन्हा सुया सुरू केल्या होत्या त्या घ्यायला अकरा वाजता आमच्याकडे.

त्या आठवड्यात बाई दवाखान्यात फिरकल्या नाहीत. आजारी आहेत की काय, या काळजीने मी त्यांच्या खोलीवर गेलो तर खाटेवर बसून होत्या, समोर कोरी वही. म्हणाल्या, "डॉक्टर, तीस वर्षं मी लोकांना शिकवतेय, त्यांचं ऐका म्हणून. आणि त्या दिवशी काय केलं मी? त्या पोरीच्या दारात उभी राहून तिच्या वतीनं बोलले. तुम्ही गाडीत तिचं एक ठरवत होतात, मी दुसरं ठरवत होते."

"तुम्ही तिला वाचवायला बघत होतात, बाई."

"तिनं सांगितलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, आणि बाकावर सुमनशेजारी बसल्या. शेंगांची पिशवी नव्हती. मी दारातून बघत होतो. बाईंनी तिला गाडीतलं आमचं सगळं भांडण सांगितलं. कोण काय म्हणालं, काय बेत ठरला, काही हातचं न राखता. सुमनने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं बोलत आले तुमी दोघं. मी तर घरातच हुते. मला हाक मारून इचारलं आसतं, तर मी सांगितलं आसतं ना, की पोर खोकू राह्यलं म्हून? मी रोज तोच इचार करत हुते, कुनाला सांगू."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुमन उठून सुई घ्यायला आत गेली.

कार्डं त्या महिन्यात बंद झाली. त्यासाठी मी मोठ्या डॉक्टरांशी भांडलो, आयुष्यात पहिल्यांदा. त्यानंतर पेशंट आला नाही की आमचा माणूस गावी जायचा, आणि कुणाशी बोलायचं, कुठे भेटायचं, हे पेशंटने आधीच सांगून ठेवलेलं असायचं. बाई हे प्रत्येकाला स्वतः विचारत. थेट प्रश्न करून.

सुमनचं काय होणार या चिंतेने मात्र मला ग्रासलं होतं. सासरहून काही निरोप नाही. रोग हटत होता, थुंकी साफ झाली होती, वजन वाढलं होतं. पण केसपेपर भरताना मी रोज म्हणायचो, आपण हिला बरी केली आणि हिचं घर घालवलं.

सात महिन्यांनी एका मंगळवारी सासू आली. मूल कडेवर नव्हतं, तिचं बोट धरून चालत होतं. तपासायची तारीख त्याची होती आणि सुमनचीही. म्हातारी बाकावर सुमनच्या शेजारी बसली. पलीकडे बाई होत्या. मी काहीतरी निमित्त काढून बाहेर आलो.

 मग म्हातारी समोर बघत म्हणाली, "पोरगं लय नाव काढतंय तुझं. घरी कदी येतीस?"

माझी काळजी लगेच सुरू. जा म्हणावं तर तिथं गोळ्या सुटल्या तर? अजून वर्ष जवळजवळ बाकी. राहा म्हणावं तर म्हातारी पुन्हा विचारायला येईल का? मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी माझ्या कोटाची बाही धरून खाली ओढली. त्यांचे स्वतःचे ओठ घट्ट मिटलेले होते.

सुमन म्हणाली, "येईन. पर गोळ्या समद्यांदेखत खाईन, लपवून नाय. आन् दर म्हैन्याला मला इकडं यायचंय, कांदं असूंद्या न्हाईतर लगीन असूंद्या, कुनी अडवायचं नाय."

म्हातारीने वळून आमच्याकडे पाहिलं. "डागदर, बाई, बराबर बोलती का ही?"

मला सांगायचं होतं, अगदी बरोबर, शंभर टक्के बरोबर. बाही अजून बाईंच्या मुठीत होती. बाई म्हणाल्या, "आम्हाला कशाला विचारता? ती बसलीय ना शेजारी."

 मूल सुमनच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं होतं. शेवटी म्हातारीने सुमनकडे तोंड केलं आणि विचारलं, "सकाळची घ्यायची आसती का रातची?"

"सकाळची," सुमन म्हणाली. "भाकर खाऊन."

मी खोलीत जाऊन पुढचा नंबर पुकारायला सांगितलं. आत आलेल्या माणसाकडे आधी नीट पाहिलं आणि मग पेन उचललं.